बरगडीखालची चार बोटं

ज्याला आमच्या रानातला थंडीताप येऊन गेला आहे, आणि अंगात जरा धुगधुगी आल्याबरोबर ज्याचे पाय तालमीकडे वळू लागले आहेत, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. पण त्याने मात्र शेवटपर्यंत वाचावं, मधेच उठून जोर मारायला जाऊ नये. मी त्याच जातीचा उतावळा माणूस, म्हणून सांगतो.

मी जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून. नाव दत्ताराम, तालमीत दत्तू. अंगाने तसा किरकोळच, पण फरीगदक्यात माझा हात चांगला चालायचा. डाव्या हातात कातड्याची लहान गोल ढाल, ती फरी. उजव्या हातात कातड्यात मढवलेली वेताची छडी, तो गदका. समोरच्याच्या अंगाला गदका लावायचा आणि आपल्या अंगाला लागू द्यायचा नाही, एवढाच खेळ. एवढाच म्हणतो खरा, पण माझी उमेदीची दहा वर्षं त्यात गेली.

माझा जोडीदार लडकू. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, कचेरीत शिपाई. आठवडाभर जव्हारात राहायचा आणि सुटीला डोंगर चढून घरी जायचा. कचेरीत मी बसायचो आणि तो उभा राहायचा. तालमीत मात्र तो मला 'भाऊ' म्हणायचा आणि सटासट हाणायचा. दरवर्षी दसऱ्याला राजवाड्यापुढच्या मैदानात, खुद्द सरकारांसमोर, फरीगदक्याची एकच जोडी उतरायची. सहा वर्षं ती आमची होती. सातव्या दसऱ्याच्या आधी मला तापाने धरलं.

बाराचे टोल

कार्तिकात कचेरीच्या कामासाठी रानात चार दिवस मोजणीला गेलो होतो. परत आलो, जेवायला बसलो, आणि हातातला घास ताटात पडला. दात वाजायला लागले. माझी बायको यमुना हसली, तिला वाटलं मी नकला करतोय. मग तिने माझ्या नखांकडे बघितलं. ती निळी पडली होती.

घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं अंगावर घातली तरी थंडी आवरेना. शेवटी ती बिचारी स्वतः त्या ढिगावर बसली.

"अहो, इतके हलू नका, मी पडेन ना!" ती म्हणत होती. हसत होती आणि रडतही होती.

मग भट्टीसारखा ताप, मग घाम, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. कचेरीत गेलो, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, आणि यमुनेला म्हणालो, "बघ, तालमीचं शरीर आहे हे." तिसऱ्या दिवशी कचेरीत बाराचे टोल पडले आणि माझ्या हातातला टाक थरथरू लागला. त्यानंतर एकाआड एक दिवस, बाराचे टोल पडले की पाहुणा हजर. ज्याला हा ताप आलाय त्याला ठाऊक आहे, मधला बरा दिवस हाच जास्त छळतो. तापाच्या दिवशी माणूस निदान भीत तरी नाही, भ्यायला शुद्धच नसते. बऱ्या दिवशी मी सकाळपासून उद्याचे टोल ऐकत बसायचो.

गुळवेलीचा काढा झाला, अंगारा झाला, मंतरलेला दोरा दंडाला बांधून झाला. दोन महिन्यांत माझा रंग हळदीसारखा झाला. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. दंडावरचा तो दोरा तर घसरून कोपरापर्यंत आला. ज्या दंडाच्या मापाचा मला गर्व होता, त्याची ही दशा.

लडकू रोज संध्याकाळी कचेरी सुटली की यायचा आणि पायरीवर बसायचा. घरून नागलीचं पीठ आणायचा, यमुनेला आंबील करायला सांगायचा.

"मला पन येतो हा ताप," तो एकदा म्हणाला. "येतो, जातो. आमच्या पाड्यावर कोनाला नाय येत? ताप आला का निजायचा, गेला का उठायचा."

"तू बैल आहेस लेका," मी म्हणालो. "तुला काय होणार?"

तो खूश झाला. तालमीत याहून मोठी शाबासकी नसते.

डॉक्टरांच्या खोलीत

पौषात यमुनेने हट्टच धरला. मला उठवत नव्हतं, म्हणून लडकूने पाठुंगळीला मारलं आणि भर बाजारातून दवाखान्यात नेलं. ज्यांना मी दसऱ्याला सलामी ठोकून दाखवत होतो ते सगळे दुकानांतून बघत होते. मी लाजेने डोळे मिटून घेतले. "भाऊ, तू पोत्यापरीस हलका झालास," तो म्हणाला आणि भराभर पावलं टाकू लागला.

तो दाराबाहेर थांबला. यमुना घरीच होती. आत मी आणि डॉक्टर, दोघंच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या दोघांच्या बोलण्यावर आहे.

डॉक्टरांनी मला उताणं निजवलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." श्वास घेतला की आतून काहीतरी कडक त्यांच्या बोटांवर येऊन टेकायचं, ते मलाही कळत होतं. त्यांनी बरगडीपासून खाली एकेक बोट मांडून मोजलं.

"चार बोटं," ते म्हणाले. "पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. या तापात वाढते."

मग त्यांनी माझी चौकशी केली. तालमीचं नाव निघताच त्यांनी हातातलं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"हे बघा, ही पांथरी आता पिकल्या पपईसारखी झालीय. इथे फटका बसला, काठीचा असो, बुक्कीचा असो, तर ती फुटेल. रक्त आतल्या आत जाईल. वरून ओरखडासुद्धा दिसणार नाही आणि माणूस दोन-चार तासांत संपेल."

"गदका हलका असतो," मी म्हणालो.

"तुम्हाला ऐकू येतं ना? कोयनेलच्या पुड्या देतो, या तापावरचं औषध आहे, न चुकता घ्या. रोज कोणाकडून तरी बोटं मोजून घ्या. एकही बोट लागेनासं होईल तेव्हा माझ्याकडे या. तोवर तालमीचं नाव नको."

बाहेर आलो. लडकू उठून उभा राहिला. "काय बोलला डाक्टर?"

मी दसऱ्यापर्यंतचे महिने मोजले. नऊ होते. लडकूला खरं सांगितलं तर ते संध्याकाळच्या आत वस्तादांच्या कानावर जाणार, त्याच्या पोटात काही राहत नसे. आणि फटक्याने मरेल असा माणूस आपल्या तालमीत आहे हे कळलं की वस्ताद माझी जागा दुसऱ्याला देणार. दिलीच असती. एकदा जोडी मोडली की पुन्हा जुळत नाही, हे मी इतरांचं बघितलं होतं.

"पोटात तापाचा गोळा आहे," मी म्हणालो. "तो रोज मोजायचा. गोळा जिरला की ताकद आली, एवढंच."

"मोजायचा तर मी मोजीन," तो म्हणाला. "माझी बोटां जाड हायत, लवकर सरतील."

आम्ही दोघंही हसलो. घरी यमुनेने तोच प्रश्न विचारला. तिला मी सांगितलं, हलकं खायला सांगितलंय.

कोयनेल आणि बोटं

कोयनेल फार कडू. ते खाऊन पाणी कडू लागतं, भात कडू लागतो, बायकोचं बोलणंही कडू लागतं. कानात दिवसभर रातकिडे ओरडतात. दोनदा मी पुडी चुलीत टाकली. दुसऱ्यांदा यमुनेने बघितलं. ती आत गेली, नवीन पुडी आणून समोर ठेवली आणि मी गिळेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. या रोगात असं कोणीतरी समोर उभं राहायला लागतं, नाहीतर माणूस स्वतःलाच फसवतो.

संध्याकाळी लडकू यायचा. मी ओटीवर उताणा पडायचो. तो हात धोतराला पुसायचा, बरगडीखाली बोटं ठेवायचा आणि डॉक्टरांच्याच थाटात म्हणायचा, "श्वास घेवा. सोडा." मग एकेक बोट मोजायचा. माघात साडेतीन. फाल्गुनात तीन. होळीला मधेच ताप उलटला आणि पुन्हा चार. त्या दिवशी मी त्याचा हात झटकून टाकला आणि नाही नाही ते बोललो. तो पायरीवर जाऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "माझीच बोटां बारीक झाली आसतील भाऊ. उद्या फिरून मोजू."

चैत्राच्या शेवटी दोन. ज्येष्ठात एक.

या सगळ्या महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की आपण उठावं आणि त्याला म्हणावं, आता तू नीज, मी मोजतो. एकदाही नाही.

तीन जोर

दोन बोटं राहिली तेव्हा डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी मी घरापासून वडाच्या पारापर्यंत गेलो आणि तिथे बसून राहिलो. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या म्हाताऱ्या माझ्या समोरून ताठ चालत गेल्या. नंतर तळ्यापर्यंत, मग माळ ओलांडून कड्यापर्यंत. कड्यावर पोचलो त्या दिवशी मला रडू फुटलं, आनंदाने की दमणुकीने ते कळलं नाही.

मग घरातल्या घरात जोर सुरू केले. पूर्वी मी एका दमात दोनशे मारायचो. पहिल्या दिवशी तीन झाले. चौथ्याला हात लटपटले आणि तोंड जमिनीला लागलं. ज्याला पुन्हा उभं राहायचं आहे त्याने हे तीन मनाला लावून घेऊ नयेत. दुसऱ्या दिवशीही तीनच होतात. पंधरा दिवसांनी दहा होतात. शरीर रुसलेल्या माणसासारखं असतं, हळूहळू बोलायला लागतं. मी ओरडायचो, शिव्या द्यायचो, स्वतःच्या मांड्यांवर बुक्क्या मारायचो. त्याने काही झालं नाही. आंबील, कुळथाचं कढण आणि रोजचा एकेक जोर, यांनीच झालं.

यमुनेला हे आवडत नव्हतं. तिने माझा गदका भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवला. मी घरभर शोधला आणि सापडला तेव्हा तिच्यावर ओरडलो.

"तुम्ही थरथरत होतात तेव्हा वर मी बसले होते," ती म्हणाली. "माझ्याखाली माणूस मरतोय असं मला रोज वाटायचं. तुम्हाला काय त्याचं? तुम्हाला दसरा दिसतोय."

मला खरंच दसरा दिसत होता. मी गदक्याच्या कातड्याला तेल लावून तो खुंटीवर टांगला.

ज्येष्ठातच मी तालमीत जाऊन नुसता कठड्यावर बसायला लागलो. आमचे वस्ताद म्हणजे फौजेतून आलेला वयस्कर माणूस, मायाळू आणि तोंडाळ. त्यांची एक सवय होती. जो मातीत उतरेल त्याच्या उघड्या पोटावर हाताची थाप मारायची. पोट मऊ लागलं तर शिवी, टणक लागलं तर शाबासकी. त्या दिवसांत सगळ्यात जास्त शाबासकी लडकूला मिळायची.

"बघा रे, याला पोट म्हणतात!" वस्ताद डाव्या कुशीवर थाप मारत म्हणाले. "दगड आहे दगड! नाहीतर तुमची, पातळ पिठलं."

सगळे हसले. मीही हसलो. लडकूने पोट आणखी पुढे काढून दाखवलं. वीस बैठका झाल्या की तो हल्ली खाली बसायचा आणि डाव्या कुशीवर हात धरायचा, हे मी त्याच कठड्यावरून बघितलं होतं. "काय रे?" मी विचारलं तर म्हणाला, "काय नाय, डोंगर उतरून पळत आलो."

चार बोटांची पांथरी आठ महिने स्वतःच्या पोटात बाळगलेला माणूस मी. मला तो टणकपणा हाताला ठाऊक होता. पण तालमीत टणक पोट म्हणजे ताकद, हे इतकं डोक्यात बसलेलं की दुसरं काही सुचलंच नाही.

नागपंचमी

आषाढाच्या शेवटी लडकूने बोटं ठेवली, दाबली, पुन्हा दाबली आणि म्हणाला, "भाऊ, काय नाय लागत. गेला!" डॉक्टरांनीही बघितलं. "आता खेळा, पण जपून," ते म्हणाले. नागपंचमीला तालमीत उतरायचं ठरलं.

आमच्या तालमीत एक रिवाज होता. दुखण्यातून उठून जो पहिल्यांदा उतरतो, त्याला त्याचा जोडीदार पहिला हात देतो. म्हणजे सलामी झाली की जोडीदार आपली फरी वर उचलतो आणि एक फटका मुद्दाम अंगावर घेतो. परतलेल्या माणसाच्या मनातली भीती जावी, हात आपला वाटावा, म्हणून. चांगला रिवाज. मी स्वतः दोघातिघांना असा हात दिला होता.

बाहेर पाऊस लागला होता. मारुतीपुढे नारळ फुटला. मी तांबड्या मातीत पाय ठेवला आणि ती मऊ, थंड माती बोटांतून वर आली तेव्हा मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. इतका मी सुखी होतो. यमुना येणार नाही म्हणाली होती, पण दाराशी पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

लडकू समोर आला. आम्ही गदके कपाळाला लावून सलामी केली. तो हसला, फरी डोक्यावर उचलली आणि डावी कूस मोकळी सोडली.

"घे भाऊ. तुजाच हाय."

मी मारला. जोरात नाही. अंगात जोर होताच कुठे? कातडं कातडीवर वाजावं एवढाच आवाज झाला. "आला रे आला, दत्तू आला!" सगळी तालीम ओरडली. मी दाराकडे बघितलं. यमुना हसत होती, नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचे दोन-तीन डाव लडकू मंद खेळला. मला वाटलं, मला सांभाळून घेतोय. मग त्याने फरी खाली ठेवली आणि मातीतच बसला.

"काय झालं?"

"खांदा दुखतो," तो म्हणाला आणि डावा खांदा दाखवला. "फरी उचलली तवा लचकला वाटतां."

वस्तादांनी तेलाची वाटी मागवली. मी स्वतः त्याच्या मागे बसून खांदा चोळला. खूप चोळला. त्याच्या पाठीला घाम फुटला होता आणि तो घाम गार लागत होता. त्याने पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि तांब्या परत दिला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "मला थंडी वाजते. आज माज्या तापाचा दिस नाय."

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, डॉक्टरांची खोली, पपई, सगळं. मी त्याला उताणा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बरगडीखाली हात ठेवला. सगळं पोटच फळीसारखं ताठ झालं होतं. मोजायला काही उरलं नव्हतं.

बाजेवर घालून दवाखान्यात नेलं. त्याच बाजारातून. मी बाजेचा पाय धरून धावत होतो. तो दोनदा "भाऊ" म्हणाला आणि एकदा "मंगळी". मंगळी त्याची मुलगी. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, पण दिवेलागणीच्या आधी लडकू गेला.

डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. वस्ताद होते, तालमीतले सगळे होते, यमुना होती.

"याची पांथरी फुटली. डाव्या खांद्यात कळ येते तीही त्यानेच," ते म्हणाले. "केवढी वाढली असेल कोण जाणे. याचं पोट कधी कोणी चाचपलं नव्हतं?" मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला तर मी सगळं सांगितलं होतं. तुम्ही तालमीत कोणाला बोलला नाहीत?"

मी मान हलवली. नाही.

वस्ताद भिंतीला धरून खाली बसले. "दत्तू, मी रोज थाप मारत होतो रे त्याच्या पोटावर," ते म्हणाले. "रोज मारत होतो." त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. यमुना पुढे अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

पाड्यावर

फौजदारांनी विचारपूस केली आणि खेळताना झालेला अपघात म्हणून कागद मिटवला. मला कोणी शिक्षा केली नाही. ज्याला वाटत असेल की सुटका झाली, त्याने माझ्या जागी राहून बघावं.

बाराव्या दिवशी सकाळी यमुनेने भाकऱ्या बांधल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. त्यांच्याजवळ माझी उरलेली कोयनेलची डबी होती.

"जा आणि सगळं सांगून या," ती म्हणाली. "मला जे सांगितलं नाहीत ते त्यांना सांगा."

मी पावसात डोंगर चढलो. विशेष म्हणजे दम लागला नाही. पाय भक्कम पडत होते, छाती मोकळी होती. नऊ महिने ज्याच्यासाठी झुरलो ते शरीर मला पुरतं परत मिळालं होतं, आणि प्रत्येक पावलाला मला त्याची किळस येत होती.

लडकूची आई दारात बसली होती. त्याची बायको भाताच्या खाचरात गेलेली. मी पायरीखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "आयो, माझ्या हाताने झालं."

"ठाव हाय. लोकांनी सांगतला," ती म्हणाली. "बस, भिजलास."

मी बसलो. फटका कसा मारला ते सांगितलं. तिने विचारलं, "जोरात मारलास?" मी म्हणालो, नाही. "मंग असा कसा मेला?" ती म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय लपवलं, ते तोंडातून निघेना. सहा कोस मी तेच घोकत आलो होतो.

तेवढ्यात आतून मंगळी आली. पाच-सहा वर्षांची, काटकीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट. तिने मला निरखून बघितलं.

"तू दत्तूकाका?"

"हो."

ती माझ्यासमोर सारवलेल्या जमिनीवर उताणी झाली आणि झबलं वर केलं. "मोज," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या कानातले कोयनेलचे रातकिडे परत आले. "काय मोजू?"

"गोळा. बा घरी आला का मोजायचा. माजी तीन बोटां." तिने तीन बोटं दाखवली. मग हाताची पाचही पसरली. "बाची पाच. मी मोजायची, त्याचीच बोटां मांडून."

"सुटीला आला का हसत बसायची दोघां," लडकूची आई म्हणाली. "तो बोलायचा, दत्तूभाऊचा गोळा जिरला. त्याचा दसरा होऊन जाऊ दे, मंग सांगीन त्याला, तुजा डाक्टर आमाला पन दाखव. आता त्याला तरास नको द्यायला."

म्हणजे त्याला आपली पाच बोटं ठाऊक होती. त्याला फक्त त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. तो अर्थ माझ्याकडे होता, आणि माझा दसरा होऊन जावा म्हणून तोही थांबला होता आणि मीही. पाच बोटांची पांथरी घेऊन त्याने हसत फरी उचलली आणि म्हणाला, तुजाच हाय.

मी त्या ओटीवर मोठ्याने रडलो. आई उठून आली नाही, तिने मला रडू दिलं.

"मोज ना," मंगळी म्हणाली. तिला जमीन गार लागत असावी.

मी हात धोतराला पुसले, लडकू पुसायचा तसे. तिच्या बरगडीखाली बोटं ठेवली. "श्वास घे. सोड." आतून ते कडक काहीतरी माझ्या बोटांवर येऊन टेकलं.

"किती?" तिने विचारलं. "तीनच ना?"

चार होती. माझ्या तोंडात तीन आलं होतं. ते मी गिळलं.

"चार," मी म्हणालो, आणि तिच्या आजीला जवळ बोलावून, त्या चार बोटांचा अर्थ काय, तो पहिल्यांदा तोंडाने सांगितला.